गोबीला गोबी राहू द्या

भाताऐवजी किसलेला फ्लॉवर. पोळीऐवजी लेट्यूसचं पान. शेवयांऐवजी झुकिनीच्या लांब लांब चिरफळ्या. पिझ्झ्याच्या बुडाशी मैद्याऐवजी पुन्हा तोच फ्लॉवर, या खेपेला फडक्यात पिळून, अंडं घालून थापलेला. आणि हे सगळं करून दाखवल्यावर, चमचा तोंडात असतानाच, डोळे मिटून म्हटलेलं एक वाक्य: ‘चवीत फरक कळतसुद्धा नाही!’

माझं भांडण या वाक्याशी आहे. फ्लॉवरशी अजिबात नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्याला गोबी म्हणतात, फार तर फुलगोबी, आणि तिची इथे कुणी कधी हेळसांड केलेली नाही. हिवाळ्यात आठवडी बाजारात ती ढिगाने येते. वाटाण्याबरोबर रस्सा होतो, बटाट्याबरोबर सुकी होते, उरली तर गाजर-मिरचीच्या संगतीने लोणच्यात जाते. १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत इंग्रजांनी तिचं बियाणं आणलं असं सांगतात. म्हणजे दोनशे वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात तिच्यावर तांदूळ होण्याची वेळ कुणी आणली नव्हती. ती आता आली, आणि तीही चव कळू नये या अटीवर. ज्या भाजीचं कौतुक ‘ती भाजी आहे हे ओळखूच येत नाही’ असं करावं लागतं, तिचा याहून मोठा अपमान कोणता?

काहीजण म्हणतात, हसा आणि सोडून द्या. हसायला माझी हरकत नाही, पण या विषयावर विनोद करणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. उद्या दुधी किसून त्याला खवा म्हणतील, भेंडीचे उभे काप मासे म्हणून वाढतील, अशी थट्टा करावी तर तोवर न्यूयॉर्कमध्ये अख्ख्या कलिंगडाला धुरी देऊन ते मांसाच्या जागी कापून वाढून झालेलं असतं. थट्टेला पुढे पळायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून सरळ वाद घालू.

आधी भाताचंच घेऊ. गोबी ज्याच्या जागी बसवायची तो भात बुलढाण्याच्या ताटात मुळात किती होता? धानाचा मुलूख तिकडे पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे. इथली काळी जमीन कापसाची आणि ज्वारीची. मागच्या पिढीच्या कित्येक घरांत तांदूळ निघे तो पाहुण्याला, सणाला नाहीतर आजाऱ्याला. एरवी भातासारखं काही खावंसं वाटलं तर कण्या असत. ज्वारी जात्यावर भरडायची, पाखडून पीठ वेगळं काढायचं, राहिलेल्या कण्या मीठ घालून आधणात शिजवायच्या आणि ताकाबरोबर, दुधाबरोबर किंवा वरण ओतून खायच्या. गरिबीतून आलेला उपाय होता तो, त्याचे गोडवे गाऊन कुणाला त्या काळात परत पाठवायचा माझा विचार नाही. पण कण्या ज्वारीच्या म्हणूनच खाल्ल्या जात. तांदूळ परवडत नाही, ज्वारी घरची आहे, इतका उघडा हिशेब. आता त्याच जिल्ह्यातल्या बाईला फोनवरून सांगितलं जातं की ताटातला भात काढ आणि त्या जागी गोबी किसून ठेव. कोणता भात? रेशनवर मिळू लागला तेव्हा रोजच्या जेवणात आला, तो?

यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘हसणं सोपं आहे, साखर वाढली की कळेल.’ हे उत्तर मी गंभीरपणे घेतो, कारण त्यामागचं दुखणं खरं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेह्यांचा अंदाज १० कोटींच्या वर गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची सुधारित मार्गदर्शिका काढली. भारतीय माणूस धान्यावर फार विसंबतो, दिवसभराच्या ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणावा, भाज्या सुमारे ४०० ग्रॅम खाव्यात, डाळी-कडधान्यं वाढवावीत, असं ती सांगते. सगळं मान्य. भाकरी कमी करा म्हणणाऱ्याशी माझा वाद नाही. भाकरी हे औषध आहे असंही मी म्हणणार नाही. तीन-चार भाकरी हाणून दिवसभर खुर्चीत बसलं तर साखर चढणारच, मग ती ज्वारी आजोबांच्या शेतातली का असेना. पण ४०० ग्रॅम भाज्या खा, या सांगण्यातून भाजीने धान्याचं सोंग घ्यावं हे कुठून निघालं? भाजी भाजी म्हणून खाल्ली तर ती त्या चारशे ग्रॅमांत धरत नाहीत काय?

आकडे बघितले तर सोंगाची अडचण लगेच दिसते. १०० ग्रॅम गोबीत ९२ ग्रॅमच्या आसपास पाणी, दोन ग्रॅम प्रथिनं आणि २५ कॅलरी. पोषण संस्थेच्याच २०१७च्या कोष्टकांत १०० ग्रॅम ज्वारीत ३३४ कॅलरी, सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू आहेत. या दोन वेगळ्या कामांच्या वस्तू आहेत. ज्या बाईला सकाळपासून कापूस वेचायचा आहे तिला ५०० कॅलरी गोबीतून हव्या असतील तर दोन किलो गोबी किसावी लागेल. वेचणीला जायचं की किसायला बसायचं, ते तिने ठरवावं. खुर्चीतल्या माणसाला एवढ्या कॅलरी नकोत हे खरं, पण त्याचा उपाय अर्धी भाकरी कमी आणि भाजी दुप्पट एवढा साधा आहे, सोबत वरणाची वाटी भरलेली. गोबीचा खोटा भात ताटात आला की नेमकी वरणाची वाटीच लहान होते, कारण सगळं लक्ष भाताच्या नकलेवर. पिझ्झ्यासाठी गोबी पिळतात तेव्हा तिच्यातलं पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्वही मोरीत जातं आणि वर चीज पसरलं जातं. याला पथ्य म्हणायचं!

महाराष्ट्राने आहाराचे वाद काही कमी पाहिलेले नाहीत. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची दोन वेळा जेवण्याची कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेली आणि माणसं ५५ मिनिटांचं घड्याळ लावून जेवू लागली. पलीकडून ऋजुता दिवेकर तूप-भात सोडू नका म्हणून सांगत राहिल्या. २०१८च्या सुमारास लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस ‘दीक्षित की दिवेकर?’ असं आडनाव विचारावं तसं विचारी. दोघांचं सगळं मला पटतं असं नाही. पण दोघांपैकी कुणी गोबीला तांदूळ म्हणायला लावलं नाही. दोनदाच खा, पण खायचं ते अन्न खा. किंवा भात खा, पण बेताने खा. खाणाऱ्याला दोन्हीकडे शहाणा धरलं होतं. नकलेचा आहार त्याला लहान मूल धरतो.

आणि इथेच माझा खरा राग आहे. नकलेच्या बुडाशी एक गृहीत आहे: भाजी तिच्या स्वतःच्या रूपात कुणाला आवडणारच नाही, म्हणून तिला दुसऱ्याचे कपडे घालावे लागतात. ज्या स्वयंपाकघरात भाजी म्हणजे उकडून ताटाच्या कडेला ठेवलेले तीन रंगांचे तुकडे, तिथलं हे गृहीत आहे. ते जसंच्या तसं उचलून वऱ्हाडात आणलं जातंय, आणि वऱ्हाडात ते टिकत नाही.

मृगाचा पाऊस पडून गेला की बांधावर, पडीत जागेत तरोटा उगवतो. इतर महाराष्ट्र त्याला टाकळा म्हणतो. पहिली कोवळी पानं तेवढी खुडायची, चार दिवस उशीर झाला की भाजी राठ. कांदा, मिरची, मूठभर डाळ, बस. घोळ आणि चिवळ ओलीच्या जागी मिळतात, विकत घ्यावं लागत नाही, आणि बाजारात आली तरी जुडी अजून स्वस्तच असते. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात करटुली निघतात, आणि त्यांचा भाव ऐकून शहरातला माणूससुद्धा दचकतो. मलकापूर-नांदुऱ्याकडे खानदेश जवळ, तिथे हिवाळ्यात वांगी काट्यांवर भाजून भरीत होतं आणि सोबत कळण्याची भाकरी असते. पेरलेला हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडतात. शेंडा खुडला की झाडाला फुटवे जास्त येतात, म्हणजे पिकाचंही भलं आणि पाट्यावरच्या मिरचीचंही. तो कोवळा आंबूस पाला कच्चाच, कांदा-मिरची-मीठ-तेल लावून खाल्ला की तो घोळाणा. शिजवून खाल्ला तर भाजी. उरलेला सावलीत वाळवला की उन्हाळ्याची सोय, जेव्हा बांधावर हिरवं काही शिल्लक नसतं. करडईच्या पाल्याला मुगाची डाळ लागते, शेपूला लसूण लागतो, आंबटचुक्याला शेंगदाणे लागतात. प्रत्येक भाजीची स्वतःची मागणी आहे आणि ती पुरवण्यात स्वयंपाक करणारीचं कसब आहे.

अंबाडीची भाजी मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. पाला उकडायचा, आंबट पाणी पिळून काढायचं, मग तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून तो पुन्हा शिजवायचा, घोटायचा, आणि ताटात पडल्यावर वरून तेलात लाल झालेल्या लसणाची फोडणी ओतायची. (इथेही पाणी पिळलंच की, असं कुणी म्हणेल. पिळलं, पण आंबटपणा सोसेल एवढा करायला. पाल्याला तांदूळ करायला नव्हे.) त्या भाजीत धान्य आहे, डाळ आहे, पाला आहे. पाला सर्वांत जास्त, कण्या अगदी थोड्या. हैदराबादहून २०२४ साली आलेला सल्ला या पातेल्यात आधीच शिजलेला होता, आणि त्यात कुणी कुणाचं नाव चोरलं नव्हतं. शेगावात गजानन महाराजांना भक्त नैवेद्य दाखवतात तो पिठलं-भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरव्या मिरचीचा. बदामाच्या पिठाची भाकरी अजून कुणी दाखवल्याचं ऐकिवात नाही.

त्याच शेगावात कचोरी आहे, मैद्याची, तेलात तळलेली, तिखट डाळीच्या सारणाची. रेल्वे स्टेशनवर फाळणीनंतर आलेल्या एका पंजाबी कुटुंबाने ती विकायला सुरुवात केली आणि तिने पुढे गावाचंच नाव घेतलं. आहाराच्या दृष्टीने तिची बाजू घेता येत नाही, मी घेतही नाही. पण कचोरी आपण पथ्याची आहोत असं कधी सांगत नाही, म्हणून माणूस ती मोजून खातो, आणि चौथी घेताना बायकोकडे बघतो. पौष्टिक म्हणून विकलेला पदार्थ कुणी मोजत नाही. ‘फ्लॉवरचाच तर आहे’ म्हणत पिझ्झ्याचे सहा तुकडे जातात. नकलेचा हा तोटा तिच्या जाहिरातीत नसतो.

आता समोरच्यांचा सर्वांत चांगला मुद्दा. ते म्हणतील, तुम्ही मराठी लोकांनी नकलेवर बोलूच नये. उपवासाचा डोसा कुणी काढला? उपवासाची इडली, उपवासाची मिसळ, उपवासाचे दहीवडे? साबुदाणा तरी कुठला, सेलमच्या कारखान्यांतून येणारा कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळंच अमेरिका खंडातून आलेलं. मुद्दा बिनतोड आहे आणि त्याला मी ‘आपली परंपरा’ असं म्हणून बगल देणार नाही. परंपरेच्या नावावर मला काहीच सिद्ध करायचं नाही. पण फरक बघा. भगर भगर म्हणूनच खाल्ली जाते. साबुदाण्याची खिचडी कुठल्याच भाताची नक्कल करत नाही. ती इतकी स्वतंत्र झाली की उपवास नसताना लोक तिच्यासाठी उपवास शोधतात. नक्कल करणारा तो उपवासाचा डोसा, आणि त्याला हसणारे पहिले आपणच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कुण्या परक्याने आपल्यावर केलेली नाही. आपल्या नकलेला आपणच टोमणा मारून ठेवला, तिला विज्ञान म्हटलं नाही. साबुदाणा वडा खाऊन वजन उतरतं असा दावा आजवर कुठल्याही मावशीने केलेला नाही.

वनस्पतीपासून बनवलेल्या ‘आरोग्यदायी’ पर्यायाचा एक जुना, मोठा अनुभव या देशाच्या पदरी आहे, तो इथे आठवायलाच हवा. डालडा. १९३७ साली तो बाजारात आला. वनस्पती तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट केलेलं, तुपासारखं रवाळ, तुपाच्या डब्यासारख्या डब्यात. गांधीजींचा त्याला विरोध होता, स्वातंत्र्यानंतर बंदीच्या मागण्या झाल्या, पण तो घराघरात पोहोचला. नक्कल एवढी बेमालूम की त्याची तुपात भेसळ झाली तर ओळखायची कशी हा सरकारपुढे प्रश्न पडला. मग नियम झाला: वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घाला, म्हणजे प्रयोगशाळेत आम्ल टाकल्यावर रंग लाल येईल आणि चोरी सापडेल. नकली वस्तूच्या पोटात खऱ्या तेलाची खूण पेरायची वेळ आली! ज्या तिळाची, करडईची, जवसाची, शेंगदाण्याची घाणी गावोगाव चालत होती, त्यातलाच तीळ आता पहारेकरी म्हणून कामाला लागला. पुढे कळलं की अशा अर्धवट घट्ट केलेल्या तेलातली ट्रान्स चरबी हृदयाला साध्या चरबीपेक्षा वाईट, आणि जानेवारी २०२२ पासून तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली. पंचाऐंशी वर्षं गेली मध्ये. गोबीचा भात डालड्याइतका घातक आहे असं मी म्हणत नाही. तो निरुपद्रवी आहे. पण ‘दिसायला तेच, चवीला तेच, तब्येतीला मात्र बरं’ या तीन शब्दसमूहांवर आपण एकदा पैसे घातलेले आहेत.

नावांच्या भांडणात मी फार शिरत नाही. अमेरिकेत आर्कान्सा या सर्वाधिक तांदूळ पिकवणाऱ्या राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला की जो तांदूळ नाही त्याला पाकिटावर तांदूळ म्हणू नका. आपल्याकडे २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सोया-बदामाच्या पेयांना दूध म्हणायला मनाई केली. हे धंदेवाल्यांचे आपसातले दावे आहेत, त्यात भाजीची बाजू कुणी मांडत नाही.

सोयाबीनचं मात्र आम्हाला बोलावं लागतं. चिखली, मेहकर, लोणार या पट्ट्यात खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन. ते तेलगिरणीत जातं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशात जाते, आणि त्यातून जे परत येतं ते पाकिटातल्या वड्या होऊन. त्या वड्यांचा काळ्या मसाल्यातला रस्सा लग्नाकार्यात असतो आणि चांगला लागतो. फक्त वाढणारा ‘व्हेज मटण घ्या’ म्हणाला की बिघडतं. मटण खाणारा हिरमुसतो, न खाणाऱ्याला घास जात नाही, आणि बिचारी वडी, जिच्यात प्रथिनं भरपूर आहेत, दोघांकडूनही ऐकून घेते. वडीचा रस्सा म्हणा ना. पाटवडीच्या रश्शाला आजवर कुणी खोटं मटण म्हटलं नाही, म्हणून तो मटणाच्या शेजारी ताठ मानेने बसतो.

अजून एक गोष्ट पाककृतीच्या चित्रफितीत दिसत नाही: किसतं कोण? मधुमेह घरातल्या बापूंना झालेला असतो आणि मनगट दुखतं ते सुनेचं. घरात पाच माणसं, चौघांना भाकरी-भाजी, एकासाठी गोबीचा भात, त्याला वेगळी कढई, वेगळी फोडणी. बापू दोन घास खाऊन विचारतात, ‘हे गोबीचं भुस्कट काहून वाढलं माय?’ आणि चोरून भाकरीचा तुकडा मोडतात. पथ्य सगळ्या घराचं होऊ शकतं, पालेभाजी वाढवून, तेल बेताचं करून, भाकरी लहान थापून. नक्कल मात्र नेहमी एका माणसाची आणि एका बाईच्या जास्तीच्या तासाची असते. मुलांना भाजी आवडत नाही म्हणून केकमध्ये पालक लपवायला सांगणारेही याच जातीचे. लपवलेला पालक खाऊन मूल पालक खायला कधी शिकणार?

हे सगळं मी घरातल्या ताटापुरतं बोललो. पण बुलढाण्याच्या ताटात खरी अदलाबदल झाली ती कुणी किसणी हातात न घेता. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघतं, त्याच रानात हरभरा घेता येतो, रोख पैसा हातात येतो. ज्वारीला पाखरं, रानडुकरं, कणसात पावसाने काळे पडणारे दाणे, कापणी-मळणीची मजुरी, आणि त्यावर भाव. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, हायब्रीड ज्वारीचा ३,६९९. शेतकऱ्याने काय पेरावं? सोयाबीनलाही बाजारात हमीभाव मिळत नाही म्हणून याच जिल्ह्यात शेतकरी नेते रविकांत तुपकरांची आंदोलनं झाली, हा आणखी वेगळा कडवटपणा. ज्वारी रानातून गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे बैल गेले, आणि ताटात गहू आला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असं लिहिलेलं आहे. २०२३ पासून तर सगळंच फुकट. कायद्यात सर्वांत स्वस्त लिहिलेलं धान्य दुकानात मात्र कधीमधी येणाऱ्या पाहुण्यासारखं.

मग डिसेंबर २०२४ उजाडला. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीत येऊ लागले, दोन-तीन दिवसांत डोकं उघडं. १८ गावांतली २७९ माणसं, त्यात शाळकरी मुलं, लग्नाला आलेल्या मुली. हा खारपाणपट्टा, त्यामुळे आधी संशय पाण्यावर गेला. वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक येऊन गेलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वतः नमुने तपासून निष्कर्ष मांडला की रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कितीतरी पट जास्त आहे आणि त्याचा माग पंजाब-हरियाणाकडून रेशनवर आलेल्या गव्हापर्यंत जातो. त्या निष्कर्षावर तज्ज्ञ भांडतील, भांडावंच. पण एवढं तर कुणालाही दिसतं की घरची ज्वारी खाणाऱ्या गावाला दीड हजार किलोमीटरवरच्या मातीत काय आहे याची काळजी करावी लागत नव्हती. धान्य बदललं, कुणी विचारलं नाही, आणि बदलल्याचं कळलं ते डोक्यावर हात फिरवल्यावर. आहाराच्या चर्चेत या गावांचं नाव किती वेळा आलं? त्या आठवड्यांत माझ्या फोनवर ‘गहू सोडा, बदामाचं पीठ घ्या’ एवढंच येत होतं.

त्यातच आता ज्वारीच नटून परत येतेय. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, अर्थसंकल्पात भरडधान्याला ‘श्रीअन्न’ म्हटलं गेलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता ज्वारी दुकानात येईल. आली, पण नूडल्स होऊन, पास्ता होऊन, मसाला लावलेले फुगे होऊन, रंगीत पाकिटात. गोबीने भात व्हायचं आणि ज्वारीने शेवई व्हायचं, म्हणजे कुणीच जागेवर राहायचं नाही. जिल्ह्यातच जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट आखून भोवती अठरा धान्यं मांडतात आणि दुसऱ्या पहाटे कोणता दाणा जागचा हलला ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. त्या भाकितावर माझा विश्वास नाही. मात्र तिथे मांडलेली ज्वारी ज्वारी असते, तूर तूर असते, आणि मध्ये पुरी-पापड-करंजीसुद्धा ठेवतात त्या पुरी-पापड-करंजीच असतात. जागचं हललेलं धान्य तिथे निदान कुणीतरी बघायला तरी जातं.

‘प्रत्येकाने आपापली निवड करावी’ हे आहारवाल्यांचं शेवटचं वाक्य असतं. त्यांनी एकदा फोन खिशात घालून शेगाव तालुक्यातल्या कुठल्याही रेशन दुकानापुढच्या रांगेत उभं राहावं, आणि पिशवी घेऊन आलेल्या बाईला समजावून सांगावं की गव्हाच्या, तांदळाच्या जागी काय काय खाता येतं. ती सगळं नीट ऐकून घेईल. मग विचारेल, ‘ते कोन्त्या कार्डावर भेटते, भाऊ?’